प्लगभोवतीचं पाणी आणि थरथरणारं इंजिन

या वेळच्या टपालातले बरेच प्रश्न एकाच तक्रारीभोवती फिरतात. गाडी धुतली किंवा पावसात उभी राहिली, आणि तेव्हापासून आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) इंजिन थरथरतं, मिसिंग मारतं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाही. म्हणून हे सदर या वेळी पूर्णपणे त्याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : पेट्रोलची चारचाकी आहे. चार सिलिंडर, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल. बॉनेट उघडून पाइपने इंजिन धुतलं. सुरू केल्यावर आधी ठीक होती, पाच-सात मिनिटांनी थरथरायला लागली आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. रस्त्यावर वेग घेतला की त्रास कमी वाटतो. चालवत राहिलं तर इंजिनच्या उष्णतेने पाणी आपोआप सुकेल ना?

उत्तर : चालवत राहू नका. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. तो लुकलुकतो तेव्हा मिसफायर, म्हणजे हेच मिसिंग, इतका वाढलेला असतो की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या भागाला, धोका असतो. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही, त्यातलं पेट्रोल न जळताच एक्झॉस्टच्या वाटेला लागतं आणि कन्व्हर्टरच्या तापलेल्या जाळीत जाऊन पेटतं. ती जाळी वितळली की धूर बाहेर जायची वाटच तुंबते आणि गाडीचा दम जातो. तासाभराचं सुकवण्याचं काम पुढे ढकलून कन्व्हर्टर गमावू नका.

नेमकं काय होतं ते पाहा. ठिणगी पाडायला साधारण 10,000 ते 30,000 व्होल्ट लागतात, ते कॉइल तयार करते. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर घट्ट बसलेलं रबरी बूट कोरडं असेल, तर विजेच्या या दाबाला इलेक्ट्रोडमधल्या फटीतून उडी मारण्यावाचून वाट नसते. बूट आणि चिनीमाती यांच्या मध्ये ओल शिरली की त्याला सोपी वाट सापडते. टर्मिनलवरून तो चिनीमातीच्या बाहेरून सरकत प्लगच्या लोखंडी अंगावर येतो आणि तिथून हेडमध्ये (प्लग ज्यात बसतो त्या इंजिनच्या वरच्या भागात) अर्थ होतो. फटीत काहीच पडत नाही. शुद्ध पाण्यातून वीज तशी फारशी वाहत नाही, पण इंजिन धुतलेल्या पाण्यात साबण, माती आणि क्षार विरघळलेले असतात. ते पाणी चांगलंच वाहक असतं.

पाच-सात मिनिटं ठीक चालून मग बिघडणं हेही याच दुखण्याचं लक्षण. प्लग हेडमधल्या एका खोल खड्ड्यात बसलेला असतो. सुरुवातीला पाणी या खड्ड्याच्या तळाशी, प्लगच्या षटकोनाभोवती असतं. इंजिन तापलं की त्याची वाफ होते, वर चढते आणि बुटाच्या आत चिनीमातीवर जमते. बुटाचं वरचं रबर खड्ड्याचं तोंड बंद करून बसलेलं असल्यामुळे वाफेला बाहेर पडायला जागा नसते. इंजिन थंड झालं की तीच वाफ पाणी होऊन परत खाली बसते. म्हणून ‘आपोआप सुकेल’ हे दिवसेंदिवस लांबतं, आणि तोवर प्लगच्या अंगावर गंज धरतो.

वेगात त्रास कमी वाटतो, तो गेलेला नसतो. 750 आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला सुमारे सहा वेळा पेटतो. त्यातला एक मेला की सेकंदाला सहा हिसके बसतात आणि ते स्टिअरिंगवर, सीटवर स्पष्ट कळतात. 3,000 आरपीएमला हेच हिसके सेकंदाला 25 होतात. फ्लायव्हीलची गती आणि माउंटिंगचं रबर ते गिळून टाकतं. वरच्या गिअरमध्ये चढ चढून पाहिलं असतं तर गाडीने लगेच धक्के दिले असते, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि मग ते ओल्या वाटेने पळतं.

प्रश्न : प्लगच्या खड्ड्यातलं पाणी घरच्या घरी काढायचं असेल तर नेमका क्रम काय? कोणती हत्यारं लागतील?

उत्तर : या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. एक नियम आधीच लक्षात ठेवा. खड्ड्यातलं पाणी पूर्ण काढल्याशिवाय प्लगला पाना लावायचा नाही. साधारण 25 मिलिमीटर रुंद आणि 100 मिलिमीटर खोल खड्ड्यात प्लग बसलेला असतानाही 30-40 मिलिलिटर पाणी मावतं. 1,200 सीसीच्या चार सिलिंडर इंजिनमध्ये पिस्टन सर्वांत वर असताना एका सिलिंडरमध्ये उरणारी पोकळी, 10:1 कॉम्प्रेशन धरलं तर, सुमारे 33 मिलिलिटर असते. म्हणजे भरलेला खड्डा आत ओतला गेला तर पिस्टन वर यायला जागाच उरत नाही. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम अॅल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे ओरबाडले जातात. चावी बंद करून काढून घ्या, वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढा. कॉइलच्या आसपासची माती ब्रशने किंवा हवेने आधीच साफ करा, नाहीतर कॉइल उचलताच ती खड्ड्यात पडते. कपलरची (कॉइलला वायर जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडाची) खिट्टी दाबून कपलर काढा, वायर धरून ओढू नका. जुनं प्लॅस्टिक उष्णतेने कडक झालेलं असतं, खिट्टी सहज तुटते. कॉइलवर मार्करने सिलिंडरचा आकडा लिहा. हा आकडा पुढे लागणार आहे. मग 8 किंवा 10 मिलिमीटरचा बोल्ट काढा, कॉइल डावी-उजवीकडे थोडी फिरवून बुटाची पकड सोडवा आणि सरळ वर खेचा. अडली तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. बूट फाटून त्याचा खालचा तुकडा किंवा आतली स्प्रिंग खड्ड्यातच राहते.

आता टॉर्च धरून आत पाहा. पाणी असेल तर प्रकाश आरशासारखा परत येतो आणि टॉर्च हलवली की चमक हलते. पाणी कसलं आहे, हे इथेच ठरवून घ्या. स्वच्छ किंवा गढूळ असेल तर बाहेरून आलेलं. तांबूस असेल तर ते बरेच दिवस साचलेलं. रंगीत, बोटांना गुळगुळीत लागणारं आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. काळं-तपकिरी तेल असेल तर गोष्ट निराळी, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पाणी काढायला कॉम्प्रेसरची हवा सर्वांत चांगली. डोळ्यांवर चश्मा लावा, खड्ड्याच्या तोंडावर फडकं धरा आणि नळी कडेने तळापर्यंत सोडून हवा मारा. पाण्याबरोबर वाळूही उडते. कॉम्प्रेसर नसेल तर 20 मिलिलिटरची सिरिंज आणि तिच्या टोकाला बारीक नळी लावून पाणी ओढून घ्या. तळाशी उरलेलं चमचाभर पाणी लाकडी काडीला सुती फडक्याची पट्टी गुंडाळून टिपा. कापूस वापरू नका, त्याचे तंतू तळाशी राहतात. शेवटी हेअर ड्रायरची गरम हवा प्रत्येक खड्ड्यात चार-पाच मिनिटं सोडा.

त्यानंतरच प्लग काढायचा. आत रबर किंवा चुंबक असलेली 16 किंवा 14 मिलिमीटरची प्लगची गोटी (सॉकेट) वापरा. घट्ट लागला तर एकदम जोर लावू नका. पाव वळसा सैल, परत थोडा घट्ट, असं करत सोडवा. प्लग हातात आला की आधी चिनीमाती पाहा. तिच्यावर वरून खाली गेलेली पेन्सिलीसारखी बारीक काळी रेघ दिसली, तर करंट तिथूनच अर्थ होत होता. चिनीमाती जिथे लोखंडात बसते तिथे तपकिरी कडं दिसतं, त्याला मात्र घाबरू नका. ते विजेच्या उच्च दाबामुळे तेलाचे कण चिकटून पडलेलं असतं आणि चांगल्या प्लगवरही दिसतं. याच कड्यापायी बरेच चांगले प्लग फेकले जातात.

बसवताना प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा वीतभर तुकडा चढवा आणि त्या नळीनेच प्लग आट्यात फिरवा. आटे तिरके लागले तर नळी प्लगवर घसरते, पाना मात्र हेडचे आटे कापत आत जातो. हाताने पूर्ण बसल्यावर टॉर्क पाना लावा. वॉशर असलेल्या 14 मिलिमीटर आट्यांच्या प्लगला अॅल्युमिनियम हेडमध्ये 25 ते 30 न्यूटन-मीटर, 12 मिलिमीटरला 15 ते 20, 10 मिलिमीटरला 10 ते 12. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. टॉर्क पाना नसेल तर 14 मिलिमीटरचा नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश वळसा द्या. तोच जुना प्लग परत बसवत असाल तर घड्याळातल्या एका तासाच्या अंतराइतकाच फिरवा, कारण त्याचा वॉशर आधीच चेपलेला असतो.

बूट आतून-बाहेरून कोरडं करा. तोंडाच्या आतल्या कडेला बोटाने सिलिकॉनच्या डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर फिरवा, एका बुटाला वाटाण्याच्या निम्मं पुरे. हे ग्रीस वीज अडवतं, त्यामुळे ते टर्मिनलवर किंवा स्प्रिंगवर थापायचं नाही. व्हॅसलीन आणि बेअरिंगचं ग्रीस इथे अजिबात नको, त्यांनी रबर फुगतं. कॉइल सरळ दाबा, प्लगवर बसल्याचं हाताला कळतं. बोल्ट हलक्या हाताने आवळा.

इंजिन सुरू केल्यावरही एखादा सिलिंडर मेलेलाच वाटला तर एकदा बंद करून पुन्हा सुरू करा. मिसफायर होणाऱ्या सिलिंडरचं पेट्रोल काही गाड्यांचं कंट्रोल युनिट स्वतःहून तोडतं आणि चावी बंद केल्याशिवाय परत सोडत नाही.

प्रश्न : घाईत पाणी न काढताच प्लग खोलला आणि खड्ड्यातलं पाणी आत गेलं. अजून इंजिन फिरवलेलं नाही. आता काय करू?

उत्तर : फिरवलं नाहीत हे फार बरं झालं. तो प्लग परत लावू नका. उलट उरलेल्या तिन्ही खड्ड्यांतलं पाणी काढून तेही प्लग खोला. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा आणि कॉइलचे सगळे कपलर सुटे ठेवा. उघड्या कॉइलची ठिणगी आणि पेट्रोलची वाफ एकत्र येता कामा नयेत. प्लगच्या भोकांवर जुनं फडकं टाका, चेहरा बाजूला ठेवा आणि कोणाला तरी चार-पाच सेकंद स्टार्टर मारायला सांगा. पाणी पिचकारीसारखं उडतं. फवारा थांबेपर्यंत दोन-तीनदा असंच करा. मग त्या सिलिंडरमध्ये अर्धा-एक चमचा इंजिन ऑइल सोडा, पुन्हा एकदा स्टार्टर मारा, सगळं बसवा आणि त्याच दिवशी इंजिन सुरू करून 15-20 मिनिटं पूर्ण गरम होऊ द्या. ओल्या सिलिंडरच्या भिंतीवर एका रात्रीत गंज चढतो, म्हणून उद्यावर टाकू नका. सुरुवातीला निळसर धूर येईल, तो तुम्ही सोडलेल्या तेलाचा. दुसऱ्या दिवशी डिपस्टिक पाहा. तेल दुधी दिसलं तर बदला.

प्लग लावलेला असताना स्टार्टर मारला आणि इंजिन ‘ठक्’ करून जागीच थांबलं असेल, तर तिथेच थांबा. सगळे प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाहणं आणि कॉम्प्रेशन तपासणं हे जाणत्या मेकॅनिकचं काम आहे.

प्रश्न : पाणी काढलं, सुकवलं, दोन दिवस ठीक चालली. आता पुन्हा मिसिंग आहे, पण खड्डे कोरडे आहेत. स्कॅनरवर पी0302 येतो. कॉइल गेली की प्लग? मल्टिमीटरवर कॉइल ठीक दाखवते.

उत्तर : पी0302 म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. कॉइलवर आकडे लिहायला सांगितलं ते याचसाठी. दुसरी कॉइल चौथ्यावर आणि चौथी दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी0304 झाला तर दोष कॉइल किंवा तिच्या बुटाबरोबर गेला. पी0302 च राहिला तर प्लगही असाच बदलून पाहा. तरीही दोष दुसऱ्यावरच राहिला तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशनकडे वळा.

मल्टिमीटरवर मात्र इथे भिस्त ठेवू नका. तो आपल्या बॅटरीच्या काही व्होल्टवर मोजतो. बुटाची जी चीर 20,000 व्होल्टला वाट देते, ती त्याला दिसतच नाही. वायर तुटलेली असेल तर तो सांगेल, गळती सांगणार नाही.

तुमच्या वर्णनावरून आमचा संशय काळ्या रेघेवर आहे. ओल्या वाटेने करंट वाहत राहिला की बुटाच्या आत आणि चिनीमातीवर कार्बनची वाट कोरली जाते. पाणी गेलं तरी ती राहते, आणि कार्बन हा वाहक आहे. पुसून ती जात नाही. बूट उलटं करून आत टॉर्च मारा, उभी काळी-करडी रेघ शोधा. सापडली तर प्लग आणि बूट दोन्ही एकदमच बदला. जुन्या बुटात नवा प्लग घातला तर त्या रेघेसमोर नव्या चिनीमातीवर थोड्याच दिवसांत तशीच रेघ उमटते. बऱ्याच कॉइलचं बूट सुटं मिळतं, त्यामुळे अख्खी कॉइल घेण्याआधी चौकशी करा.

प्रश्न : मी इंजिन कधीच धुत नाही. तरी प्रत्येक मोठ्या पावसानंतर तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरच्या खड्ड्यात पाणी सापडतं. दर वेळी काढतो, पुन्हा येतं.

उत्तर : पाणी काढणं हे निम्मंच काम असतं. ते कुठून येतं हे सापडेपर्यंत तुम्ही दर पावसात हेच करत राहाल. नेहमी त्याच दोन सिलिंडरवर येतं ही मोठी खूण आहे, कारण पाणी सरळ वरून ठिबकत असतं.

पहिला संशय वायपरखालच्या जाळीवर. काचेवरून आलेलं पाणी त्या जाळीतून खालच्या पन्हळीत जातं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकाच्या बाजूला गळतं. भोकात पानं आणि माती अडकली की पन्हळ भरते आणि पाणी पुढच्या काठावरून इंजिनवर सांडतं. जाळी काढा, कचरा हाताने उचला, मग वरून मगभर पाणी ओतून ते दोन्ही बाजूंनी जमिनीवर पडतं का पाहा. भोकात तार खुपसून कचरा आत ढकलू नका, तो पुढच्या वळणावर जाऊन बसतो. जाळीच्या पुढच्या कडेची रबरी पट्टी आणि बॉनेटच्या मागच्या कडेचं रबर निसटलेलं आहे का तेही बघा.

वाट खात्रीने शोधायची असेल तर इंजिन थंड आणि बंद ठेवून टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण) कोरडं पुसा आणि कॉइलभोवती टिश्यू पेपरचे तुकडे पसरा. बॉनेट पूर्ण लावून काचेच्या तळाशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश दोन लिटर पाणी ओता. पाच मिनिटांनी बॉनेट उघडा. भिजलेला कागद जागा दाखवतो आणि त्याच्या बरोबर वर पाहिलं की बॉनेटच्या आतल्या बाजूला ओघळ सापडतो. वरच्या प्लॅस्टिक कव्हरखाली स्पंजची गादी असेल तर ती पिळून पाहा. ती पाणी शोषते आणि पाऊस थांबल्यावरही दोन-दोन दिवस कॉइलवर ठिबकत राहते.

दुसरी बाजू म्हणजे कॉइलच्या मानेचं रबर. पाणी वरून सांडलं तरी हे रबर शाबूत असेल तर आत जात नाही. ते नखाने दाबून पाहा, कडक झालं असेल किंवा चिरलं असेल तर बदला. कॉइलचा बोल्ट सैल असेल तरीही तिथे फट राहते.

प्रश्न : मोटारसायकल पावसात चालवली की आयडलिंगला बंद पडते, सायलेन्सर ‘फट् फट्’ करतो. प्लग काढून पुसला की ठीक होते.

उत्तर : सिंगल सिलिंडरला बदली सिलिंडर नसतो. एक-दोन ठिणग्या चुकल्या की इंजिन बंदच पडणार. अनेक मोटारसायकलींच्या हेडमध्ये प्लगच्या खड्ड्यातून बाहेर जाणारं एक बारीक भोक असतं. खड्ड्यात आलेलं पाणी तिथून वाहून जावं अशी ती सोय आहे. पुढच्या चाकाचा चिखल बसून ते बुजतं आणि खड्ड्याचं डबकं होतं. हेडच्या बाजूला, पंखांच्या मधोमध ते शोधा. प्लग जागेवर ठेवूनच त्यातून बारीक तार फिरवा आणि हवा मारा. खड्ड्यात थोडं पाणी सोडलं की ते बाजूने बाहेर आलं पाहिजे.

मग प्लगची कॅप पाहा. दोन्ही टोकांची रबरं, म्हणजे प्लगवर बसणारं आणि वायर जिथे आत शिरते तिथलं, मऊ असली पाहिजेत. कॅप बहुतेक वेळा वायरवर स्क्रूसारखी बसते. ती फिरवून काढा, वायरचं टोक हिरवट पडलं असेल तर पाच-सहा मिलिमीटर कापून टाका आणि कॅप परत फिरवून बसवा. प्लग नुसता पुसून त्रास थांबतो हे खरं, पण भोक बुजलेलं असेपर्यंत पुढच्या पावसात तेच होणार.

प्रश्न : माझी गाडी पेट्रोलवर बरी चालते, सीएनजीवर टाकली की आयडलिंगला थरथरते आणि चढावर धक्के देते. गॅस किटचा दोष समजायचा का?

उत्तर : किटला हात लावण्याआधी प्लग आणि बूट पाहा. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. बुटात किंचित ओल असेल किंवा बारीक चीर असेल तर पेट्रोलवर ठिणगी कशीबशी पडते, गॅसवर मात्र करंट बाहेरच्या वाटेने पळतो. त्यामुळे सीएनजीची गाडी ओलीची तक्रार सर्वांत आधी करते. प्लगची फटही मोजा. पेट्रोलवर वापरून झिजलेली फट वाढलेली असते आणि ती व्होल्टेजची गरज आणखी वाढवते. कारखान्याने किंवा किट बनवणाऱ्याने गॅससाठी दिलेली फटच ठेवा. इरिडियमच्या प्लगची फट पत्र्याच्या गेजने वाकवून बदलायला जाऊ नका, टोक तुटतं.

प्रश्न : डिझेल गाडीतही प्लगभोवती पाणी साचून असं होतं का?

उत्तर : नाही. डिझेलला ठिणगीचा प्लगच नसतो, ग्लो प्लग असतात आणि त्यांचं काम मुख्यतः थंड इंजिन सुरू करण्यापुरतं. पावसानंतर डिझेल इंजिन थरथरत असेल तर फिल्टरच्या तळाशी साठलेलं पाणी स्क्रू सैल करून सोडून द्या आणि सेन्सरचे कपलर तपासा.

प्रश्न : जुनी कार्ब्युरेटरची गाडी आहे, डिस्ट्रिब्युटरवाली. दमट हवेत सकाळी सुरूच होत नाही, झाली तर तीन सिलिंडरवर चालते. दहा वाजता ऊन पडलं की एकदम ठणठणीत.

उत्तर : डिस्ट्रिब्युटर म्हणजे करंट पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग. त्याची कॅप काढून आत पाहा. रात्री हवेतली ओल आतल्या बाजूला दवासारखी बसते आणि करंट एका खांबावरून दुसऱ्यावर किंवा थेट डिस्ट्रिब्युटरच्या लोखंडी अंगावर जातो. ऊन लागलं की दव उडतं, म्हणून दहा वाजता गाडी बरी होते. कॅप कोरड्या फडक्याने पुसा आणि खांबांच्या मध्ये केसासारख्या काळ्या रेघा किंवा चीर आहे का ते उजेडाकडे धरून पाहा. असेल तर कॅप बदला, घासून भागत नाही. मधला कार्बनचा दांडा स्प्रिंगवर आत-बाहेर होतो ना, रोटरचं टोक जळालेलं नाही ना, हेही बघून घ्या.

एचटी वायरी, म्हणजे प्लगपर्यंत उच्च व्होल्टेज नेणाऱ्या जाड वायरी, तपासायची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. अंधार पडल्यावर मोकळ्या जागेत इंजिन सुरू ठेवा आणि फवारणीच्या बाटलीने वायरींवर, बुटांवर पाण्याचं नुसतं धुकं सोडा. खराब वायरीवर निळ्या रेषा नाचताना दिसतात, टिकटिक ऐकू येते आणि त्याच क्षणी इंजिन अडखळतं. हात, सैल बाह्या आणि फवाऱ्याची बाटली वायरींपासून आणि पंख्यापासून लांब ठेवा. पेट्रोल गळत असेल किंवा त्याचा वास येत असेल तर ही चाचणी करूच नका.

प्रश्न : पाणी शोधायला कॉइल काढली तर खड्ड्यात इंजिन ऑइल निघालं. पुसून बसवलं तर चालेल?

उत्तर : तात्पुरतं चालेल. तेल खड्ड्याच्या नळीभोवतीचं गोल सील कडक झाल्यामुळे आलेलं असतं, पुन्हा येणारच. शिवाय तेलाने बुटाचं रबर फुगून मऊ पडतं आणि चिनीमातीवरची पकड सोडतं. टॅपेट कव्हर काढायचं ठरलंच आहे तर बाहेरचं पॅकिंग आणि नळ्यांची सगळी सील एकत्र बदला. काही इंजिनांत ही सील कव्हरमध्येच बसवलेली येतात, तिथे कव्हरच बदलावं लागतं. टायमिंग कव्हरचा सांधा जिथे हेडला मिळतो त्या कोपऱ्यांवर सिलिकॉन सीलंटचा छोटा ठिपका द्यावा लागतो. तो विसरला की तेल तिथून गळतं. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन टप्प्यांत आवळा. पहिल्याच फेरीत पूर्ण आवळले तर कव्हर वाकतं. फुगलेली बुटंही बदला.

प्रश्न : इंजिन धुवायचंच असेल तर कसं धुवावं?

उत्तर : थंड इंजिनवर, कमी पाण्याने. कॉइल, फ्यूजचा डबा, अल्टरनेटर आणि हवेच्या फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाकून बांधा. कॉइलच्या वरचा भाग ओल्या फडक्याने पुसायचा, तिथे पाइप न्यायचाच नाही. प्रेशर वॉशरची धार बुटाच्या रबराखालूनही आत घुसते, रबर नवं असलं तरी. कपलरच्या दिशेनेही ती मारू नका. धुऊन झाल्यावर पिशव्या काढा, टॅपेट कव्हरच्या खोलगट जागांत साचलेलं पाणी फडक्याने टिपा. तिथे राहिलेलं पाणी गाडी वळणावर कलली की कॉइलकडे ओघळतं. मगच इंजिन सुरू करा.

प्रश्न : खड्डे कोरडे, बुटं नवी, प्लग नवे. तरी आयडलिंगला थरथर आहे. आता कुठे पाहू?

उत्तर : आधी ती खरोखर मिसिंग आहे का ते ठरवा. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर कागद धरा. धूर एकसारखा येत असेल तर कागद सारखाच फडफडतो, मिसिंग असेल तर ठरावीक अंतराने ‘फुस्’ होऊन तो हिसका खातो. कागद शांत आणि आरपीएमचा काटा स्थिर, पण आत बसल्यावर थरथर जाणवते, अशी स्थिती असेल तर इंजिन माउंटिंग पाहा. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबून गिअर लागल्यावर थरथर एकदम वाढत असेल तर संशय पक्का.

काटा खाली-वर होत असेल तर बाहेरची हवा कुठून तरी आत शिरते आहे. ब्रेक बूस्टरच्या आणि इनटेकच्या नळ्यांना कान लावा, ‘सूं’ असा आवाज शोधा. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) काळी झाली असेल तर साफ करा. इंजिन धुतल्यानंतरच हा त्रास सुरू झाला असेल, तर हवेचा फिल्टर ओला राहिला आहे का तेही बघा. भिजलेला कागदी फिल्टर हवा अडवतो. आणि पी0171, म्हणजे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) असल्याचा कोड दिसला म्हणून लगेच पेट्रोलची बाजू खोलू नका. मिसफायर चालू असताना न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं, आणि कोड मिसफायरमुळेच आलेला असतो. मिसफायर बरा करा, कोड पुसा, दोन दिवस गाडी चालवा. तो परत आला तरच त्याच्या मागे लागा.